बबल टी पहिल्यांदाच प्यायले: ते गोळे चावायचे की गिळायचे?

मुक्ताई
मंडळी, ऑफिसच्या कामाने महिनाभर तैवानात, तैपेईत आहे. इथे पावलोपावली चहाचं दुकान. बहुतेकांत बसायला खुर्चीच नाही. रांगेत उभं राहायचं, ग्लास घ्यायचा, चालू पडायचं. काल ऑफिसातल्या पोरींनी मला ओढून नेलं आणि तो जगप्रसिद्ध बबल टी हातात ठेवला.

पहिला घोट गार, दुधाळ, गोड. ठीक होता. मग त्या जाड्या नळीतून तीन-चार काळे गोळे एकदम सुळकन घशाशी आले. ठसका, डोळ्यांत पाणी, पोरी खिदळतायत. पुढचे गोळे चावून पाहिले तर चव अशी काही नाहीच. चिवट, किंचित गोड. बरं, चहा संपला तरी तळाला गोळ्यांचा थर तसाच.

तर मला सांगा, हे चावायचे की गिळायचे? आणि लोकांना यात एवढं काय आवडतं? नावं ठेवायला धागा काढलेला नाही. (थोडासा काढला आहे.)

टपरीवाला
चहा म्हणजे उकळलेला, आलं ठेचून घातलेला. बाकी सगळं सरबत.

बाकरवडी
आले टपरीवाला काका. धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसते.

शिंचूकर
मुक्ताई, स्वागत! मी शिंचूला असतो, तैपेईपासून बुलेट ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. आमच्या चिप कंपन्यांच्या वसाहतीत दुपारी तीनला चहाच्या ऑर्डरची यादी फिरते, तेव्हा या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

चावायचे. गिळायचे असते तर एवढी मेहनत कोण घेईल? इथल्या लोकांना त्या चावण्याचंच कौतुक. दाताखाली दबला पाहिजे आणि परत उसळला पाहिजे. याला ते इंग्रजी अक्षर वापरून 'क्यू' म्हणतात, आणि फारच जमलं असेल तर 'क्यूक्यू'. नूडल्स, माशाचे गोळे, मोची, सगळ्यांना हाच निकष. गोळ्याला स्वतःची चव नसते हे तुमचं बरोबर आहे. तो साखरेच्या पाकात मुरवतात, तेवढीच चव.

ठसक्याचं म्हणाल तर नळी तळाशी टेकवून जोरात ओढू नका. नळी मधे धरा, आधी चहाचा घोट घ्या, मग नळी खाली नेऊन एक-दोन गोळे, ते चावून संपले की परत चहा. म्हणजे शेवटी तळाला थरही उरत नाही. ग्लासाच्या तोंडावर प्लास्टिकचा पापुद्रा मशीनने चिकटवलेला असतो. ग्लास आधी उलटासुलटा हलवायचा, मग नळीचं वरचं भोक अंगठ्याने दाबून टोकदार बाजू एका दणक्यात खुपसायची. हळूहळू दाबलंत तर पापुद्रा आत जातो आणि चहा शर्टावर येतो. नवीन माणूस ओळखायची आमच्याकडची खूणच आहे ती.

आणि ऑर्डर देताना साखर सांगितली होती का? नसेल सांगितली तर पूर्ण साखरेचा दिला असणार. तो इथल्या लोकांनाही गोड होतो. 'बान थांग' म्हणजे अर्धी साखर, 'वेइ थांग' म्हणजे अगदी कमी, 'वू थांग' म्हणजे बिनसाखर. बर्फ नको असेल तर 'च्यू बिंग'. गरमही मिळतो.

मुक्ताई
@शिंचूकर, काउंटरवरच्या मुलीने भराभरा दोन प्रश्न विचारले होते खरे. मी दोन्हींना हसून मान डोलावली.

सातारी_कंदी
हसून हसून पुरेवाट. म्हणजे पूर्ण साखर, पूर्ण बर्फ.

ऋतुगंध
बाई गं, साबुदाणाच तो. मोठा, काळा रंगवलेला. आपण इतकी वर्षं भिजवून खिचडी करतोय, त्यांनी ग्लासात टाकून जगभर विकला.

आजीची_पोतडी
दूध, साखर, साबुदाणा उपासाला चालतो. चहा तर चालतोच, चहाशिवाय उपास होतो कुठे? म्हणजे आषाढीला बबल टी घ्यायला शास्त्राची हरकत नसावी. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टपरीवाला
आता एवढंच बघायचं राहिलं होतं.

गोणपाट
साबुदाण्याची बिलं करण्यात माझं आयुष्य गेलं (वाशीच्या मार्केटात घाऊक किराणा), तेव्हा बोलतोच.

ऋतुगंध ताई अर्ध्या बरोबर. दोन्हींचा कच्चा माल एक. कसावा नावाचं कंद असतं, केरळात त्याला कप्पा म्हणतात. त्याचं सत्त्व म्हणजे टॅपिओका स्टार्च. जुन्या काळी साबुदाणा सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून निघायचा आणि सिंगापूर-मलायाकडून यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो माल थांबला, तेव्हा तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून करायला लागले. आज आपल्या ताटातला बहुतेक साबुदाणा त्याच भागातून येतो.

फरक करणीत आहे. आपल्याकडे ओल्या स्टार्चचे दाणे पाडून ते भाजतात किंवा वाफवतात, मग उन्हात वाळवतात. दाणा मोकळा राहावा, भिजला की मऊ व्हावा, ही अपेक्षा. बबल टीच्या गोळ्यासाठी स्टार्च उकळत्या गुळचट पाण्यात मळतात, कणकेसारखा घट्ट. तो चिवट व्हावा हीच अपेक्षा. काळा रंग काळ्या साखरेचा किंवा कॅरेमलचा. 

उपासाचं विचाराल तर आमच्या धंद्यातला जुना विनोद सांगतो. साबुदाण्याच्या खिचडीतला कसावा, बटाटा, मिरची, शेंगदाणा हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. फक्त जिरं, तूप आणि भक्ती आपली.

आजीची_पोतडी
@गोणपाट, हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्याला सांग, आम्ही मिरची हिरवीच घालतो." मुद्दा संपला.

निळी_छत्री
कसाव्यात सायनाइड असतं असं ऐकलंय. मग हे सुरक्षित कसं?

गोणपाट
कच्च्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कडू जातींत जास्त. किसणं, धुणं, स्टार्च खाली बसवणं आणि वाळवणं यात ती निघून जातात. कच्चा कंद चावायला जाऊ नका म्हणजे झालं.

मोडीवाचक
शोध कोणी लावला यावर तैवानात कोर्टकज्जा झाला हे कोणी लिहिलंच नाही अजून!

दोन दावेदार आहेत. एक ताइनानचं हानलिन टीरूम. त्यांच्या मालकांचं म्हणणं, १९८६ साली बाजारात पांढरे टॅपिओकाचे गोळे दिसले आणि ते चहात टाकायची कल्पना सुचली. दुसरं ताइचुंगचं छुन शुई थांग. तिथे थंड चहा कॉकटेलसारखा शेकरमध्ये बर्फासोबत हलवून फेसाळ करून आधीपासूनच विकत. त्यांची गोष्ट अशी की १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिन श्यू-हुई नावाच्या त्यांच्या कर्मचारी बाईंनी एका बैठकीत आपल्या खाऊतले टॅपिओकाचे गोळे गंमत म्हणून थंड चहात ओतले. सगळ्यांना आवडलं आणि पदार्थ मेनूत आला.

खटला दहा वर्षं चालला. २०१९ साली कोर्टाने सांगितलं की हे काही पेटंट घेतलेलं उत्पादन नाही, कोणीही बनवू शकतं, तेव्हा पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही. आणि पेटंट दोघांनीही घेतलेलं नव्हतं. भांडण निव्वळ मानाचं.

सातारी_कंदी
दहा वर्षं मानासाठी भांडायचं. आमच्या भावकीतलेच दिसतात.

लिंबूटिंबू
मुंबईत वडापावाचा पहिला गाडा कोणाचा यावर कोर्टात गेलं नाही कोणी, नशीब.

बाकरवडी
@लिंबूटिंबू, तो विषय इथे काढू नका, हात जोडते. मागच्या वेळी तीनशे प्रतिसाद आणि दोन जण सभासदत्व सोडून गेले.

क्युपर्टिनो_काका
आमच्याकडे कॅलिफोर्नियात याला सरसकट 'बोबा' म्हणतात. तैवानी लोकांच्या वस्त्यांतून नव्वदच्या दशकात आला आणि आता पोरांचा कट्टा तिथेच. आमच्या पिढीला अमृततुल्य होतं तसं. मुलीला शाळेतून आणायला गेलो की पहिला प्रश्न, "बाबा, बोबा?" दिवाळी पार्टीलाही बोबाचा स्टॉल लावतात हल्ली लोक. शेजारी मसाला दूध कोणी ढुंकून बघत नाही.

मी पहिल्यांदा गोळे वेगळे काढून कागदी रुमालावर ठेवले होते, सीताफळाच्या बियांसारखे. मुलीने दुकानात ओळख दाखवली नाही.

सिंगापूर_सखी
आनंदावर विरजण घालायला आले. साखर.

इथल्या एका रुग्णालयाने २०१९ साली हिशोब मांडला होता. तो ब्राऊन शुगर बोबा मिल्क असतो ना, ग्लासाच्या आतून वाघाच्या पट्ट्यांसारखे पाकाचे ओघळ दिसतात तो. त्याच्या ५०० मिलीत सुमारे साडेअठरा चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत म्हणते. इथे एका ग्लासात ९० ग्रॅमच्या वर.

सिंगापुरात डिसेंबर २०२३ अखेरपासून दुकानात ताज्या बनवलेल्या पेयांनाही साखर आणि सॅच्युरेटेड फॅटप्रमाणे ए ते डी श्रेणी लावतात. सी आणि डी असेल तर मेनूवर लिहावंच लागतं. माझ्या नवऱ्याचा आवडता डी निघाला. तो आता मेनू न बघता ऑर्डर देतो.

टपरीवाला
माझ्या कटिंगमध्ये दीड चमचा. नोंद घ्यावी.

सिंगापूर_सखी
@टपरीवाला काका, आणि दिवसातून किती कटिंग?

टपरीवाला
हा धागा बबल टीचा आहे. अवांतर नको.

डॉ_पाचक
सखी यांना अनुमोदन. एक भर घालतो. 'साखर नको' सांगितलं तरी गोळे पाकात मुरलेले असतात, त्यातली साखर येतेच, शिवाय गोळा स्वतः शुद्ध स्टार्च. मधुमेहींनी गोळे न घालता नुसता चहा घ्यावा. आणि चार वर्षांखालच्या मुलांना जाड नळीने गोळे देऊ नयेत. ओढलेला गोळा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१२ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. मुलाला चाखायचाच असेल तर वाटीत काढून चमच्याने, समोर बसून.

चिंचगुळी
शाकाहारींना चालतो का? माझी बहीण ऑक्टोबरात तैवानला जाते आहे, ती अंडंही खात नाही.

शिंचूकर
@चिंचगुळी, काळे गोळे शाकाहारीच असतात, फक्त स्टार्च आणि साखर. चहात गोळ्यांसारखं पुडिंगही घालून मिळतं, ते मात्र टाळायला सांगा, त्यात अंडं किंवा जिलेटिन असतं. काळी ग्रास जेली चालेल, ती पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीची. आय्यू जेलीही चालेल, ती एका जातीच्या अंजिराच्या बिया पाण्यात चोळून करतात. खाऊन बघाच, लिंबाच्या सरबतात फार छान लागते.

जेवणासाठी सोपी युक्ती म्हणजे हॉटेलाच्या पाटीवर स्वस्तिक शोधायचं. इथे ते बौद्ध चिन्ह आहे आणि शाकाहारी खानावळींवर असतं. माझी आई आली होती तेव्हा रस्त्यात स्वस्तिक दिसलं की नमस्कार करून आत शिरायची.

ऋतुगंध
बरं, घरी करून पाहिलंय का कोणी? मी मागे मोठा साबुदाणा, चिवड्यासाठी तळतात तो, उकडून चहात घातला होता. बाहेरून गिळगिळीत आणि आत पांढरा ठिपका. अजून उकडला तर लगदा.

खमंग_काकडी
@ऋतुगंध ताई, साबुदाण्याने होणार नाही, गोणपाट यांनी कारण वर दिलंच आहे. टॅपिओका स्टार्च आणा, ऑनलाइन सहज मिळतो. माझी कृती:

१०० ग्रॅम स्टार्च, ५० ग्रॅम काळा गूळ, ६० ते ७० मिली पाणी. गूळ-पाणी खळखळून उकळू द्या. आच बंद करून त्यात आधी तीन-चार चमचे स्टार्च घाला आणि भराभर ढवळा. खळीसारखं चिकट, पारदर्शक झालं पाहिजे. मग उरलेला स्टार्च घालून गरम असतानाच मळा. हात भाजतात, लाटण्याने कुटा. इथेच सगळं ठरतं. पाणी नुसतं कोमट असेल तर पीठ मळताना घट्ट वाटतं आणि हात काढला की परातीत पसरतं. दाबलं की दगड, सोडलं की पाणी. तसं झालं तर ते पुन्हा आचेवर नेऊन थोडा भाग शिजवून घ्या, जमून येतं.

हरभऱ्याएवढे गोळे वळा, वर कोरडा स्टार्च भुरभुरा, नाहीतर एकमेकांना चिकटतात. भरपूर उकळत्या पाण्यात सोडा. तरंगून वर आले की वीसेक मिनिटं मध्यम आचेवर, मग झाकण ठेवून तितकाच वेळ तसेच. गार पाण्यातून काढून गुळाच्या पाकात.

फ्रीजमध्ये ठेवू नका! स्टार्च गार झाला की आतून परत कडक होतो, शिळ्या भातासारखा. म्हणून चांगली दुकानं दर तीन-चार तासांनी नवीन गोळे शिजवतात आणि उरलेले टाकून देतात.

मोडीवाचक
वाचनखूण साठवली.

ऋतुगंध
गोळे वळायला किती वेळ लागतो हो?

खमंग_काकडी
पोरांना कामाला लावलं तर एक भांडण भरून.

फावला_वेळ
भारतात दोनशे-अडीचशे रुपयांना मिळतो हा प्रकार, आणि बऱ्याच ठिकाणी त्यात पावडरचं दूध, पावडरचा चहा. गोळेही पातळ सालीचे, दाबले की फुटून आतून रस येतो ते. तो बबल टीच नव्हे. ते फळांच्या रसाचे गोळे अल्जिनेट आणि कॅल्शियम वापरून बनवतात, त्यांचा कसाव्याशी काडीचा संबंध नाही. मी तो पिऊन वर्षभर 'भंपक पेय' म्हणून सांगत फिरलो. मग बँकॉकच्या विमानतळावर खरे गोळे खाल्ले. तेही आवडले नाहीत, पण निदान आता योग्य गोष्टीला नावं ठेवतो.

लिंबूटिंबू
@फावला_वेळ, फुटणारे गोळे मला जास्त आवडतात. घ्या.

टपरीवाला
कोणी मला एवढंच सांगा, यात चहा कुठे आहे? गोळे झाले, जेली झाली, पाक झाला. चहाची पानं कोणती, कुठली, यावर एक ओळ नाही.

शिंचूकर
काका, योग्य प्रश्न. बाहेर देशोदेशी पावडर वापरतात म्हणून तसं वाटतं. इथे बऱ्या दुकानात काळा, हिरवा, उलाँग असे वेगवेगळे चहा ताजे काढून ठेवलेले असतात, दूध न घालताही मिळतात. आलिशान, तुंगतिंग हे डोंगराळ भागातले उलाँग तर इथली शान.

आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे सन मून लेकचा काळा चहा. जपानी राजवटीत १९२०च्या दशकात त्यांनी आसामचं बियाणं आणून तिथे लावलं. पुढे १९९९ साली ब्रह्मदेशातली आसाम जातीची झाडं आणि तैवानचा रानटी चहा यांच्या संकरातून 'रूबी' नावाचं वाण काढलं. त्याला दालचिनी आणि पुदिन्याचा वास येतो, काहीही न घालता. एकदा नुसता पिऊन बघा.

टपरीवाला
आसामचा. मग बरोबर आहे. पत्ता पाठवतो, पाव किलो धाडून द्या.

मुक्ताई
बापरे, दोन दिवस कामात होते, केवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद.

शनिवारी ताइचुंगला जाऊन आले. मोडीवाचक यांनी लिहिलेल्या छुन शुई थांगमध्ये बसून घेतला. हो, तिथे खुर्च्या आहेत. अर्धी साखर, कमी बर्फ, काचेच्या ग्लासात. गोळे माझ्या पहिल्या ग्लासातल्यांपेक्षा बारीक होते, साधारण मटाराएवढे, आणि चावताना आत कुठेही कच्चेपणा नव्हता. शिंचूकर यांचं 'दाबला की परत उसळला पाहिजे' हे तिथे कळलं. वर दोन बोटं फेस होता, चहा चक्क कडक होता.

तर चावायचे, हे पटलं. आवडला का? दुधाचा अजूनही नाही. गार दूध आणि चहा हे लग्न मला मान्य नाही, त्यात मी टपरीवाला काकांच्या पक्षात. पण काल तैपेईत बिनसाखर-बिनबर्फ हिरवा चहा गोळे घालून मागितला. कडवट चहा आणि मधेच एक गोड, चिवट गोळा. तो आज परत घेतला. काउंटरवरच्या मुलीला 'वू थांग, च्यू बिंग' म्हटलं, तिने चिनीत आणखी काहीतरी विचारलं, मी परत मान डोलावली. मोठा ग्लास आला.

सातारी_कंदी
शेवटी लागलीच सवय.

शिंचूकर
@मुक्ताई, ग्लास घेऊन मेट्रोत शिरू नका हं. तैपेई मेट्रोत खाणं-पिणं बंद आहे, पाण्याचा घोटही नाही. दंड १५०० तैवानी डॉलरपासून ७५०० पर्यंत. कमीत कमी दंडातच वीस-पंचवीस चहा येतात.

मुक्ताई
@शिंचूकर, गेटजवळच्या पिवळ्या रेषेपाशी एका काकूंनी माझ्या ग्लासाकडे बोट दाखवून मान हलवली, तेव्हा समजलं. बाहेर येऊन संपवला.

आजीची_पोतडी
मुक्ताई, परत येताना कोरडे गोळे मिळतात का बघशील? सासूबाई विचारतायत. आषाढीचं काही म्हणत नाहीत, पण विचारतायत.

शिंचूकर
सुपरमार्केटात पाकीटबंद मिळतात. पाकिटावर शिजवायची वेळ बघून घ्या, पाच मिनिटांचे वेगळे आणि अर्ध्या तासाचे वेगळे. अर्ध्या तासाचे घ्या.

टपरीवाला
माझ्या पाव किलोचं काय झालं?